अम्माच्या लग्नाला मी होते

माझ्या अम्माचं लग्न मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा मला अठरावं लागलं होतं, आणि माझा धाकटा भाऊ पेद्रू पाद्र्यांच्या पुढ्यात उभा राहून गुळाचा कावुम खात होता. नातसुनांना हे सांगितलं की त्या तोंडावर हात ठेवून एकमेकींकडे बघतात. बघू देत. आता वलंदेज गेले, इंग्रज आले, शाळामास्तर गुरुन्नान्सेंचं ते मोठं पुस्तकही कुठल्या तरी पेटीत सडलं असेल, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आधी एक सांगून टाकते. आमच्या कटुमोदर गावात पापी कुणी नव्हतं, निदान या बाबतीत तरी नव्हतं. आमच्याकडे लग्न म्हणजे नावं वाचणं. मुलगा-मुलगी शाळेत जायची, गुरुन्नान्से त्यांची नावं पुस्तकात लिहायचे, आणि मग ओळीने तीन रविवार, प्रार्थनेला जमलेल्या सगळ्या गावासमोर ती मोठ्याने वाचायचे. कुणाची हरकत असेल तर सांगा, म्हणायचे. तिसऱ्या रविवारी घरी नारळाच्या दुधातला भात शिजायचा, मामा दोघांच्या करंगळ्या दोऱ्याने बांधून वर पाणी सोडायचा, की झालं लग्न. त्यानंतर वर्षातून एकदा मातरच्या किल्ल्यातून पालखीत बसून पाद्री येतात, त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांच्या दहा आज्ञा तोंडपाठ म्हणून, ‘हो’ म्हटल्याशिवाय हे लग्न पुरं होत नाही, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पाद्री पोरांच्या डोक्यावर पाणी शिंपडायला येतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक. जुने गुरुन्नान्से म्हातारे होते, विड्याचे शौकीन होते, आणि दुपारी पुस्तकावरच डोकं ठेवून झोपायचे. त्यांनी कधी कुणाला टोकलं नाही.

अम्माचं नाव बालहामी. खाजणाच्या काठाला तिच्या वडिलांची नारळीची बाग होती, आणि ती एकुलती एक, म्हणून माझे अप्पच्ची, हेंद्रिक, घरजावई होऊन आले. अप्पच्ची किनाऱ्यावर मोठी जाळी ओढायला जात. अम्मा काथ्या काढायची. नारळाची सोडणं खाजणातल्या खड्ड्यात महिनोन्महिने कुजवायची, मग बाहेर काढून लाकडी मोगरीने कुटायची, धुवायची, वाळवायची, आणि मांडीवर वळून सुंभ करायची. त्या कुजक्या वासाची बाई म्हणून मला माझ्या अम्माची आठवण येते, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. तिच्या तळहातावर इतकं घट्ट कातडं होतं की चुलीतला निखारा ती बोटांनी उचलायची. बोलायची कमी. जे बोलायची ते एकदाच.

तिच्या शेजारी बसून सोडणं कुटायची ती नाच्चोहामी. दोघी एका वयाच्या. दोघींची नावं एकाच वर्षी, त्याच तीन रविवारी वाचली गेली होती. नाच्चोहामीला दाविथ झाला, आणि तो चाळीस दिवसांचा असताना तिचा नवरा बाबप्पू समुद्रावर गेला तो गेलाच. होडी मिळाली, माणूस नाही. तेव्हा मी अम्माच्या पोटात होते. पोट पुढे आलेलं असतानाही अम्माने दोन महिने आपल्या वाट्याची सोडणं कुटली आणि नाच्चोहामीच्याही वाट्याची कुटली, असं लोक सांगत. अम्माने हे कधी सांगितलं नाही.

विधवा झाल्यावर नाच्चोहामीच्या जिभेला धार आली. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, तसली बाई. तिच्या दारावरून जाताना कुत्रीसुद्धा शेपूट घालायची. आणि माझं नशीब असं की मला तिचाच दाविथ आवडला. दाविथ आईसारखा नव्हता. तो हसायचा, आणि मला बघून जास्तच हसायचा. दोन्ही घरांनी होकार दिला, आम्ही शाळेत जाऊन नावं लिहून आलो.

तोपर्यंत जुने गुरुन्नान्से वारले होते आणि गाल्लहून नवे आले होते. तरुण, बारीक, कोलंबोला शिकलेले. पुस्तक म्हणजे पुस्तक, असा माणूस. पहिल्या रविवारी त्यांनी आमची नावं वाचली. दुसऱ्या रविवारी वाचायला उभे राहिले, आणि पुस्तक मिटलं.

“हे मला पुढे वाचता येत नाही,” ते म्हणाले. “मुलीच्या आईबापांचं पान मी पाहिलं. हेंद्रिक आणि बालहामी, नावं लिहिलीत, तीन वेळा वाचलीत. पण पाद्र्यांसमोर लग्न लागल्याची खूण नाही. चौकट रिकामी आहे. पुस्तकाप्रमाणे यांचं लग्नच झालेलं नाही.”

नाच्चोहामी उठली.

“काय म्हणता! म्हणजे ही अठरा वर्षं नुसतीच नांदतेय?” ती अम्माकडे बोट करून म्हणाली. “ऐकलंत ना सगळ्यांनी? बिनलग्नाच्या बाईची पोर माझ्या उंबऱ्यावर चढायची नाही. दाविथ, ऊठ!”

दाविथ उठला नाही. तिने त्याला दंडाला धरून उठवलं.

मी अम्माकडे बघितलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. सोडणं कुटलेली आठवण करून देईल, निदान रडेल तरी. अम्मा नाच्चोहामीकडे नुसती बघत राहिली, बराच वेळ, आणि मग तिने मान खाली घातली. मला इतका राग आला तिचा! वाटेत मी तिच्याशी बोलले नाही. घरी येऊन चटईवर पडले आणि रडले. माझं सगळं आयुष्य त्या रिकाम्या चौकटीत अडकलं होतं, आणि ही बाई गप्प!

अप्पच्ची ओसरीवर बसले होते. बराच वेळ विचार करून म्हणाले, “म्हणजे बालहामी, इतकी वर्षं मी तुझ्याकडे पाहुणाच होतो की काय?”

“पाहुणे असता तर तिसऱ्या दिवशीच वाट दाखवली असती,” अम्मा म्हणाली. “उठा. गुरुन्नान्सेंकडे जायचंय.”

मीही मागोमाग गेले. गुरुन्नान्से वाईट माणूस नव्हते. त्यांचाच चेहरा उतरला होता. म्हणाले, “अम्मे, मी काय करू? पाद्री सहा आठवड्यांनी येतील. तोपर्यंत तुम्ही दोघं प्रार्थना आणि दहा आज्ञा पाठ करा. त्यांच्यासमोर आधी तुमचं लग्न लागेल, मग त्याच दिवशी मुलीचं. पोरांची राहिलेली नावं मी वाचतो. पण तुमचं नाही लागलं तर मुलीचंही नाही.”

“माझं होईल पाठ,” अम्मा म्हणाली. “यांचं बघायला पाहिजे.”

अप्पच्ची ओशाळून हसले. लहानपणी ते शाळेच्या मागच्या खिडकीतून किनाऱ्यावर पळायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“आणि दाविथचे आईबाप?” अम्माने विचारलं. अगदी सहज विचारलं.

“त्यांच्या पानाला वाळवी लागलीय,” गुरुन्नान्से म्हणाले. “बाबप्पू एवढंच नाव उरलंय. त्या बाई म्हणतात लग्न लागलंय. कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस पाद्र्यांसमोर साक्ष देईल तर ते नव्या पानावर लिहितील.”

अम्मा उठली आणि घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवसापासून सोडणं कुटताना आमच्या अंगणात दहा आज्ञा सुरू झाल्या. मी शाळेत वाचायला शिकले होते, तेव्हा मी वाचायची, अम्मा एका दमात म्हणायची. दुसरी आज्ञा आली, मूर्तीपुढे वाकू नको, तेव्हा ती क्षणभर थांबली. पौर्णिमेला ती विहारात दिवा लावायची, हे मलाही ठाऊक होतं आणि गुरुन्नान्सेंनाही असावं. “हं, पुढे,” ती म्हणाली. चार दिवसांत तिला सगळं आलं.

अप्पच्चींचं मात्र कठीण होतं. तिसरीपर्यंत यायचे, तिथून एकदम सातवीवर उडी. सातवी म्हणजे परस्त्रीची. पेद्रू खो खो हसायचा. “अहो, मधल्या तीन कुठे बुडवल्या?” अम्मा विचारायची. “आईबापांचा मान ठेव, खून करू नको, हे सोडून तुम्हाला बरं तेवढंच आठवतं!”

“अगं, डोक्यात थांबतच नाही,” ते काकुळतीला येऊन म्हणायचे. “हाताचं काम असतं तर दाखवलं असतं. तोंडाचं मला जमत नाही.”

हे ऐकून अम्मा कुटायची थांबली. संध्याकाळी तिने नव्या सुंभाचा हातभर तुकडा घेतला आणि त्याला दहा गाठी मारल्या, प्रत्येक वेगळी. पहिली नांगराची, दुसरी दुहेरी, तिसरी जाळ्याच्या कडेची, अशा. जाळं ओढणाऱ्या माणसाला डोळे मिटूनही गाठ ओळखता येते. “ही धरा आणि बोला,” ती म्हणाली. “बोटं पुढे सरकली की तोंड सरकेल.” आणि खरंच सरकलं. पंधरा दिवसांत अप्पच्ची मागे हात बांधून, दोरी चाचपत, दहाच्या दहा म्हणू लागले. नववी, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही घट्ट मुटकुळ्याची गाठ होती, तिथे त्यांचं बोट जरा अडखळायचं. म्हणून अम्मा त्यांच्याकडून ती एकच आज्ञा पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची.

नाच्चोहामी त्या सहा आठवड्यांत कुटायला आमच्या बाजूला आली नाही. पाणवठ्यावर भेटली की मोठ्याने म्हणायची, “नवरीबाई, हळद लागली का?” बाकीच्या बायका हसायच्या. दाविथ कुंपणापलीकडून मला खुणेने सांगायचा, थांब, होईल सगळं. मी थांबले होते, दुसरं काय करणार?

पाद्री आले. लांबच लांब माणूस, काळा अंगरखा, घामाने निथळत होता, आणि बाजूला दुभाषा. सगळं गाव शाळेत दाटलं होतं. अम्मा पांढरं कापड नेसली होती, केसांत तिच्या आईची कासवाच्या पाठीची फणी खोवली होती. माझ्या अंगावरही पांढरं. आम्ही मायलेकी ओळीने उभ्या होतो, दोघीही नवऱ्या.

अम्माने आज्ञा धडाधड म्हटल्या. अप्पच्ची पुढे झाले, हात मागे. मी त्यांच्या पाठीशीच उभी होते, मला त्यांची बोटं दिसत होती. एकेक गाठ सरकत होती. नवव्या गाठीपाशी बोट थांबलं. मग बोट पुढे गेलं. दहावी संपली तेव्हा जाळंवाले मागून एकदम ‘होऽ’ करून ओरडले, मोठा मासा लागल्यावर ओरडतात तसे. पाद्री दचकले.

मग त्यांनी अम्माला विचारलं, हा पुरुष तुला नवरा म्हणून मान्य आहे का? दुभाष्याने तोंड उघडायच्या आतच अम्मा म्हणाली, “हो.”

“अम्मे, अजून मी सांगितलं नाही,” दुभाषा म्हणाला.

“अठरा वर्षांनी दुसरं काय विचारणार आहेत?” अम्मा म्हणाली. गाव हसलं. दुभाष्याने सांगितल्यावर पाद्रीही हसले, आणि त्यांनी त्या रिकाम्या चौकटीत लिहिलं. मी ते लिहिणं बघितलं. शाई ओली होती.

आता आमची पाळी. गुरुन्नान्सेंनी वाळवी लागलेलं पान पुढे केलं. पाद्र्यांनी नाच्चोहामीला विचारलं, “तुझं लग्न लागलं होतं का?”

नाच्चोहामी उभी राहिली. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. गावात जिच्यासमोर कुणाचा आवाज चढत नव्हता, ती बाई कोरड्या ओठांनी नुसती उभी. मी विचार केला, एवढ्या साध्या प्रश्नाला हिला काय झालं?

“कुणी पाहिलंय का?” दुभाष्याने विचारलं.

“मी पाहिलंय,” अम्मा म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. अम्मा तशीच, नवरीच्या कपड्यात, पुढे गेली. “पाद्री आले त्या दिवशी मी इथेच होते. माझी एंगल्तीना कडेवर होती, तिच्या डोक्यावर पाणी घालायचं होतं. त्याच्या आधी या दोघांचं लग्न लागलं. बाबप्पू इथे उभा होता, ही इथे.” तिने जागा दाखवली.

पाद्री हुशार होते. त्यांनी विचारलं, “तू इथेच होतीस, तर मग त्याच दिवशी तुझं का लागलं नाही?”

अम्मा म्हणाली, “ती शहाणी होती, मी मूर्ख. मला वाटलं, नावं वाचली की झालं.”

पुन्हा गाव हसलं, आणि या वेळी बराच वेळ हसलं. पाणवठ्यावरच्या बायका तर एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. अम्मा मान खाली घालून उभी राहिली. पाद्र्यांनी नव्या पानावर लिहिलं: बाबप्पू आणि नाच्चोहामी, विवाहित, मुलगा दाविथ, औरस. मग माझं आणि दाविथचं लग्न लागलं. मला आपला उगीच अभिमान वाटला, की सासूच्या लग्नालाही मी होते, कडेवर का होईना.

त्या दिवशी उन्हं उतरताना, भात वाढून झाल्यावर, अम्मा पायरीवर बसली होती. तिने अप्पच्चींकडून ती दोरी मागून घेतली आणि नवव्या गाठीशी खटपट करू लागली. घट्ट गाठ, दातांनी सोडवली तिने. मला वाटलं, सुंभ वाया जाऊ नये म्हणून सोडवतेय. ती वीतभर सुंभही टाकायची नाही. पण बाकीच्या नऊ तिने तशाच ठेवल्या आणि दोरी माझ्या हातात दिली. “ठेव,” म्हणाली.

सासूने मला कधी गोड बोलून वागवलं नाही, पण तीस वर्षांत माझ्या अम्माविरुद्ध एक शब्द तिने स्वतः काढला नाही, की दुसऱ्याला काढू दिला नाही. एकदा कुणी बाई अम्माला ‘अठरा वर्षांची नवरी’ म्हणाली, तर सासूने तिच्यावर मोगरी उगारली. मी म्हणायची, म्हातारपणी बाई निवळली.

अम्मा गेली तेव्हा तिला पुरून आम्ही परत आलो. सासू आमच्या जुन्या अंगणात, कुटायच्या दगडाशी बसली होती. मला म्हणाली, “इथे बैस, एंगो.”

मी बसले.

“तुझी अम्मा खोटं बोलली होती,” ती म्हणाली. “पाद्री आले तेव्हा तू कडेवर होतीस, ते खरं. पण माझ्याशेजारी उभा राहायला बाबप्पू होता कुठे? तू पोटात असतानाच समुद्राने त्याला नेलं. गाव सोडणांची गोष्ट सांगतं, महिने कोण मोजत बसतं? पण ती नाही विसरली. तुझ्या जन्माच्या वेणांइतकं तिला ते पक्कं आठवत होतं.”

मी वळून तिच्याकडे बघितलं.

“शाळेत मी तिच्यावर ओरडले ते माझं पान कुणी उघडू नये म्हणून,” सासू म्हणाली. “तिची चौकट भरता येत होती गं. नवरा जिवंत होता. माझी कशी भरणार? दाविथला सगळे जन्मभर काय म्हणाले असते? आणि तिने एक वाक्य बोलायचा अवकाश होता. त्या रविवारी तिने माझ्याकडे बघितलं ना, तेव्हाच मला कळलं, हिला सगळं आठवतंय. सहा आठवडे मी जेवले नाही धड. म्हणून तर पाणवठ्यावर आणखी जोरात बोलायची.”

“तुम्ही तिला कधी विचारलंत?”

“एकदा. म्हटलं, बाई, नववी आज्ञा पाठ करून खोटी साक्ष दिलीस? तर म्हणाली, ‘शेजाऱ्याविरुद्ध देऊ नको, असं आहे. मी तुझ्या विरुद्ध कुठे दिली?’ आणि कुटायला लागली.” सासू हसली आणि तिचे डोळे भरून आले. “तिचे आभार मानायला माझ्या तोंडाला कधी जमलं नाही. तू तिची पोर. तुला सांगितलं की पोचेल.”

मी तिच्या कुशीत शिरून रडले. त्या बाईच्या कुशीत मी पहिल्यांदाच शिरले होते. माझ्या अम्माचा मला राग आला होता, ती गप्प बसली म्हणून. आणि तिच्या त्या गप्प बसण्यावर माझं अख्खं घर उभं राहिलं, माझा दाविथ, माझी सहा मुलं, त्यांची मुलं. तिला हे मी सांगायला हवं होतं. आता तुम्हाला सांगते आहे.

दोरी अजून माझ्याजवळ आहे, चुलीच्या वर टांगलेली, धुराने काळी झालेली. पतवंडं ती काढतात, बोटांनी मोजतात आणि ओरडतात, “आच्ची, यात नऊच गाठी आहेत! आम्ही मारू एक?”

मी म्हणते, नको रे बाळांनो, राहू द्या. ती सुटलेली गाठ तुमच्या पणजोबांची आहे, माझ्या दाविथची.